सत्तावीस इंच खरे, पण त्यात पिक्सेल किती?

प्रश्न : मी कुपवाड एमआयडीसीत नोकरीला आहे. रात्री दोन-तीन तास गेम खेळतो. गेल्या वर्षी पीसी जोडला: राय्झेन ५ ५६००, आरटीएक्स ४०६० (८ जीबी), १६ जीबी रॅम. स्क्रीन मात्र ऑफिसातून बाद झालेली १९ इंची, ६० हर्ट्झचीच आहे. मी सायबरपंक २०७७, एल्डन रिंग असे मोठे गेम खेळतो, धाकटा भाऊ व्हॅलोरंट आणि सीएस २. बजेट २५ हजार. दुकानदार २७ इंची, वक्र, फुल एचडी, २४० हर्ट्झ, ‘१ एमएस, एचडीआर’ असा १९ हजारांचा व्हीए मॉनिटर घ्या म्हणतो. त्याच्याकडेच २७ इंची, १४४०पी, १८० हर्ट्झचा आयपीएस २२ हजारांना आहे. मित्र म्हणतो, थांब आणि ओएलईडीच घे. टेबल दोन फूट खोल आहे, खोलीची खिडकी पश्चिमेला. काय घेऊ? आणि जुन्या स्क्रीनचं काय करू?
एक वाचक, सांगली

उत्तर : दुसरा घ्या, २२ हजारांचा, १४४०पी आयपीएस. (आयपीएस आणि व्हीए हे पॅनेलचे दोन प्रकार.) पहिला मॉनिटर तुमच्या टेबलाच्या अंतराला आणि तुमच्या खेळांना, दोन्हींना कमी पडतो. वाचणाऱ्या तीन हजारांत त्याची भरपाई होत नाही.

सगळ्यात आधी पिक्सेल, कारण खरी गोम तिथे आहे. पेटीवर २४० हर्ट्झ (स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते) हा आकडा ठळक असतो आणि १९२० × १०८० (फुल एचडी, म्हणजेच १०८०पी) बारीक अक्षरांत. हेच पिक्सेल २४ इंचांत बसवले तर इंचाला ९२-९३ पडतात. २७ इंचांत पसरले की ८२ च उरतात. तुमची जुनी १९ इंची स्क्रीन १४४० × ९०० ची असेल, तर ती आजही इंचाला ८९ पिक्सेल दाखवते. म्हणजे १९ हजार मोजून चित्र मोठं होईल, पण आजच्यापेक्षा भरड दिसेल. २७ इंचांत २५६० × १४४० (१४४०पी) असले की इंचाला १०९ पडतात. अक्षरांच्या कडा नितळ होतात आणि विंडोजचं स्केलिंग १०० टक्क्यांवरच ठेवता येतं.

टेबल दोन फूट म्हणजे ६१ सेंटीमीटर. स्टँडच्या पायामुळे स्क्रीन भिंतीपासून दहा-पंधरा सेंटीमीटर पुढे येते, आणि डोळे टेबलाच्या कडेपासून साधारण तेवढेच मागे असतात. म्हणून तुम्ही पाहणार ते ६० सेंटीमीटरवरून. या अंतराला २७ इंच ही वरची मर्यादा समजा, त्याची रुंदीच ६० सेंटीमीटर आहे. ३२ इंचीला ७१ लागतात, मग कोपऱ्यातला नकाशा बघायला मान वळवावी लागते. खरेदीला जाण्याआधी टेबलावर ६१ × ३६ सेंटीमीटरचा पुठ्ठा उभा करून त्याच्यासमोर दहा मिनिटं बसा. दुकानात सगळ्याच स्क्रीन लहान वाटतात, तिथला अंदाज घरी चुकतो.

आता ग्राफिक्स कार्डाची शंका. १४४०पी मध्ये ३६.९ लाख पिक्सेल असतात, १०८०पी मध्ये २०.७ लाख, म्हणजे काम पावणेदोन पटीहून थोडं जास्त. सायबरपंकमध्ये ४०६० वर ते जाणवेल. पण त्याच गेममध्ये डीएलएसएस ही एनव्हिडियाची सोय आहे, आणि ‘क्वालिटी’ मोडवर १४४०पी साठी कार्ड प्रत्यक्षात १७०७ × ९६० चंच चित्र काढतं, उरलेलं भरून घेतं. हे सोळा लाख पिक्सेल झाले, पूर्ण १०८०पी पेक्षा कमी. भरून घेण्यात थोडा वेळ जातो, तरी भार साधारण १०८०पी च्या आसपास राहतो आणि चित्र त्याहून रेखीव दिसतं. हाच मोड १०८०पी स्क्रीनवर लावला तर मूळ चित्र ७२०पी चं असतं आणि पाणी, केस, तारांचं कुंपण वळवळायला लागतं. म्हणून मध्यम कार्डाला १०८०पी ची स्क्रीनच शोभते, हा जुना हिशेब डीएलएसएस चालणाऱ्या गेममध्ये लागू पडत नाही.

एक पथ्य मात्र पाळा. ८ जीबी मेमरी १४४०पी ला काठोकाठ पुरते. टेक्सचर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) ‘अल्ट्रा’ऐवजी ‘हाय’वर ठेवा आणि जड रे ट्रेसिंग (उजेड-सावल्यांचा हुबेहूब हिशेब) टाळा. मेमरी भरली की कार्ड पीसीच्या रॅममधून माल ओढतं आणि खेळ मधेच अडखळतो. सरासरी फ्रेम (सेकंदाला निघणारी चित्रं) चांगले दिसत असूनही वळणावर हिसका बसतो, तो बहुतेक वेळा यामुळेच. मॉनिटर बदलून तो जात नाही.

आता व्हीए पॅनेल. त्याची जमेची बाजू खरी आहे: कॉन्ट्रास्ट साधारण ३००० ला १, तर नेहमीच्या आयपीएसचा १००० ला १ च्या आसपास. अंधाऱ्या खोलीत व्हीएचा काळा रंग जास्त काळा दिसतो. अडचण हलत्या चित्रात येते. व्हीएमधला पिक्सेल काळ्यावरून गडद राखाडीवर जायला फार वेळ घेतो. स्वस्त पॅनेलमध्ये हा बदल वीस मिलिसेकंदांच्याही पुढे जातो. २४० हर्ट्झला दर ४.२ मिलिसेकंदांनी नवी फ्रेम येते. म्हणजे जुनी फ्रेम पुसली जायच्या आत आणखी चार-पाच येऊन तिच्यावर बसतात. परिणाम असा, की एल्डन रिंगच्या तळघरात कॅमेरा फिरवला की खांबांच्या मागे ओल्या कोळशाचे फराटे ओढल्यासारखं दिसतं. उजेडातल्या दृश्यात हे कळत नाही, आणि दुकानातला डेमो नेहमी उजेडातला, रंगीबेरंगी असतो. महागड्या व्हीएमध्ये हा दोष बराच कमी झाला आहे, पण १९ हजारांत २४० हर्ट्झ आणि वक्र पॅनेल देताना कसर याच ठिकाणी केलेली असते.

मग ‘१ एमएस’ (एक मिलिसेकंद) कुठून आला? या एका आकड्याखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली जीटीजी, म्हणजे एका राखाडी छटेवरून दुसरीवर जायला लागणारा वेळ. पेटीवर छापतात ती सगळ्यात जलद जोडी, तीही ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला जोर देऊन लवकर बदलायला लावणारी सेटिंग) पूर्ण ताणून मोजलेली. दुसरी एमपीआरटी. तिच्यात बॅकलाइट (पॅनेलमागचा दिवा) दर फ्रेमला क्षणभरच पेटवून उरलेला वेळ विझवतात, त्यामुळे डोळ्याला धूसरपणा कमी वाटतो. पण उजेड खूप उतरतो, काहींना डोकेदुखी होते, आणि बहुतेक मॉनिटरवर हा मोड चालू असताना व्हेरिएबल रिफ्रेश (फ्रेम येतील तसा स्क्रीनने आपला वेग बदलणं) बंद पडतो. पेटीवर १ एमएसच्या शेजारी एमपीआरटी लिहिलं असेल तर तो आकडा पॅनेलचा वेग सांगत नाही.

१८० आणि २४० यांत फरक किती, हे असं मोजून बघा. एखादी वस्तू स्क्रीनवर सेकंदाला ९६० पिक्सेल सरकते आहे. ६० हर्ट्झवर प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंद डोळ्यासमोर स्थिर राहते आणि त्या वेळात डोळा १६ पिक्सेल पुढे गेलेला असतो, तेवढा धूसरपणा. १८० हर्ट्झला तो ५.३ पिक्सेलांवर येतो, २४० ला ४ वर. ६० वरून १८० ला आलात की जवळपास अकरा पिक्सेलांची कमाई, तिथून २४० पर्यंत फक्त सव्वा पिक्सेल. तीही पिक्सेल वेळेत बदलले तर, आणि कार्ड व प्रोसेसर खरोखर २४० फ्रेम देत असले तर. एल्डन रिंग तर पीसीवर ६० फ्रेमला बांधलेलाच आहे. तुमच्या अर्ध्या खेळाला २४० चा काडीचाही उपयोग नाही.

भावाचं काय? व्हॅलोरंटचा भार कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त पडतो, त्यामुळे १४४०पी मुळे त्याचं विशेष नुकसान नाही. सीएस २ मध्ये त्याला सावल्या आणि इतर सेटिंग खाली आणावी लागतील. स्क्रीन फक्त त्याच्यासाठी आणि फक्त या दोन खेळांसाठी असती, तर २४ इंची, १०८०पी, १८० हर्ट्झचा आयपीएस घ्या म्हटलं असतं. निम्म्याच्या आसपास खर्चात काम झालं असतं आणि पूर्ण पडदा एका नजरेत मावला असता. दोघांत एक स्क्रीन असताना १४४०पी च योग्य.

एचडीआरकडे (उजळ आणि गडद यांतला जास्त फरक दाखवणारं चित्र) या बजेटमध्ये लक्षच देऊ नका. ‘एचडीआर१० सपोर्ट’ याचा अर्थ एवढाच, की मॉनिटर तो सिग्नल स्वीकारतो. तो नीट दाखवायला उजळ भाग खूप उजळ आणि शेजारचा भाग काळा ठेवता आला पाहिजे. त्यासाठी बॅकलाइटचे शेकडो स्वतंत्र कप्पे तरी हवेत किंवा ओएलईडी तरी. व्हेसा संस्थेच्या डिस्प्लेएचडीआर प्रमाणपत्रातली सर्वांत खालची पायरी ४००, तिला असे कप्पे सक्तीचे नाहीत. सगळा बॅकलाइट एकदम वर-खाली होतो आणि चित्र फिकट, राखाडी पडतं. विंडोजमध्ये एचडीआर बंदच ठेवा.

मित्राचं म्हणणं चित्राच्या बाबतीत खरं आहे. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटतो, काळा म्हणजे खराखुरा विझलेला, आणि बदलाचा वेग इतका की फराट्यांचा प्रश्नच मिटतो. पण त्याची किंमत तुमच्या बजेटच्या दुपटीच्या घरात जाते. शिवाय त्यांतल्या क्यूडी-ओएलईडी प्रकाराच्या पॅनेलवर बाहेरचा उजेड पडला की काळा रंग जांभळट राखाडी दिसतो, आणि तुमची खिडकी पश्चिमेची आहे. भाऊ रोज तासन् तास एकच खेळ खेळणार, त्याचा नकाशा आणि गोळ्यांचा आकडा वर्षानुवर्षं त्याच जागी. ठसा उमटण्याची भीती अशाच वापरात खरी असते. पुढे कार्ड बदलाल तेव्हा ओएलईडीचा विचार जरूर करा. आज ६० हर्ट्झवर डोळे ताणत वर्षभर थांबण्यात अर्थ नाही.

फ्रीसिंकचं (एएमडीने व्हेरिएबल रिफ्रेशला दिलेलं नाव) स्टिकर पाहून बिचकू नका. हे फक्त एएमडीच्या कार्डाला चालतं असं अजूनही काउंटरवर सांगितलं जातं, पण एनव्हिडियाने जानेवारी २०१९ पासून आपल्या कार्डांना हा ॲडॅप्टिव्ह सिंक वापरू दिला आहे. तुमच्या ४०६० ला तो चालेल. फक्त मर्यादा विचारा: ४८ ते १८० हर्ट्झ अशी असेल तर उत्तम. वरची मर्यादा खालच्या दुपटीहून चांगली जास्त असली, की फ्रेम ४८ च्या खाली घसरल्यावर मॉनिटर तीच फ्रेम दोनदा दाखवतो. ४० फ्रेम असताना तो ८० हर्ट्झवर चालतो आणि चित्र कापल्यासारखं होत नाही.

दुकानात पूर्ण मॉडेल नंबर मागा, शेवटच्या अक्षरापर्यंत. एकाच मालिकेत एका अक्षराच्या फरकाने आयपीएसच्या जागी व्हीए येतो, किंवा उंची बदलणाऱ्या स्टँडच्या जागी फक्त मागे-पुढे कलणारा. स्टँड तसा साधा असेल तर मागे १०० × १०० किंवा ७५ × ७५ मिलिमीटरची व्हेसा भोकं आहेत ना ते बघा. पुढे आर्म लावता येतो आणि दोन फुटी टेबलावर जागा मोकळी होते. २२ हजार हा भाव करासहित आहे का, हे आधी विचारा. मॉनिटरवर १८ टक्के जीएसटी आहे, आणि तो वेगळा असेल तर रक्कम २५,९६० वर जाते, बजेट मोडतं. बिल पक्कं घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तोच लागतो. वॉरंटी तीन वर्षांची आहे का आणि माणूस सांगलीत घरी येतो की पेटी पुण्याला पाठवावी लागते, हेही विचारा. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हजार-पंधराशे कमी पडतील, पण बिघाड झाल्यावर तो फरक एका खेपेत संपतो. गावातला दुकानदार बदली करून देणार असेल तर त्याच्याकडूनच घ्या.

जमलं तर पेटी दुकानातच उघडून चालू करून बघा. नाही तर घरी उघडताना सलग व्हिडिओ काढा, सील दिसेल असा. पॅनेलवर बोटं दाबू नका, स्टँड लावताना स्क्रीन थर्माकोलमध्येच पालथी ठेवा. मग पूर्ण पडदा पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असा एकेक करून ठिपके शोधा. एखाद-दुसऱ्या मेलेल्या पिक्सेलवर कंपन्या सहसा बदली देत नाहीत, म्हणून दुकानदाराची परत घेण्याची मुदत आधीच बिलावर लिहून घ्यावी. नंतर दिवे बंद करून, ब्राइटनेस ४०-५० वर ठेवून काळा पडदा लावा. कोपऱ्यांत उजेड दिसेल. डोकं मागे-पुढे, बाजूला हलवा. उजेड जागा बदलत असेल, कमी-जास्त होत असेल, तर तो आयपीएसचा स्वभाव आहे, प्रत्येकात थोडा असतोच. डोकं हलवूनही पिवळट झोत एकाच जागी राहिला तर बॅकलाइट गळतोय. तो अंधाऱ्या खेळात रोज दिसेल. परत करा.

जोडणी नीट करा, कारण पैसे खर्चून लोक इथेच ६० हर्ट्झवर अडकतात. केबल ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टात लावायची, कॅबिनेटच्या वरच्या भागातल्या मदरबोर्डच्या पोर्टात नाही. ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, तिथे लावलीत तर चित्रच येणार नाही. केबल डिस्प्लेपोर्टची वापरा. या किमतीच्या मॉनिटरचा एचडीएमआय बऱ्याचदा २.० असतो आणि १४४०पी ला १४४ हर्ट्झवर थांबतो. स्वस्त, लांब केबलने स्क्रीन मधूनच काळी पडते. पेटीतली किंवा दोन मीटरच्या आतली प्रमाणित केबल ठेवा. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट स्वतः १८० करा. विंडोज तो दर वेळी आपोआप निवडत नाही. मॉनिटरच्या मेनूत ॲडॅप्टिव्ह सिंक चालू करा, एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये जी-सिंक (त्याच सोयीचं एनव्हिडियाचं नाव) चालू करा, तिथेच व्ही-सिंक (फ्रेम स्क्रीनच्या तालाला बांधणं) चालू करून गेममध्ये मात्र बंद ठेवा, आणि जास्तीत जास्त फ्रेम १७० ला बांधा. वरच्या मर्यादेला फ्रेम टेकू दिले की व्ही-सिंकचा उशीर हाताला लागतो, थोडं खाली ठेवलं की लागत नाही. भावाला गेममध्ये रिफ्लेक्स (माउसपासून पडद्यापर्यंतचा उशीर कमी करणारी एनव्हिडियाची सेटिंग) चालू करून द्या.

राहिला ओव्हरड्राइव्ह. मेनूत तो ‘रिस्पॉन्स टाइम’ किंवा तशाच नावाने तीन-चार पायऱ्यांत असतो. सगळ्यात वरची पायरी कधीच लावू नका. पिक्सेल मुक्कामाच्या पुढे जाऊन परत येतो आणि हलत्या वस्तूमागे पांढरट कड दिसते. मधली पायरी लावून टेस्ट यूएफओ या वेबसाइटची घोस्टिंग (हलत्या वस्तूमागच्या फराट्यांची) चाचणी १८० वर आणि ६० वर, दोन्हींवर बघा. तुमच्यासाठी ६० ची चाचणी जास्त महत्त्वाची, कारण एल्डन रिंगमध्ये व्हेरिएबल रिफ्रेशमुळे मॉनिटर ६० वरच चालेल, आणि १८० ला बरोबर असलेला ओव्हरड्राइव्ह ६० ला अनेकदा जास्त होतो. कड दिसली तर एक पायरी खाली या.

चित्र फिकट, काळा रंग राखाडी वाटला, तर कंट्रोल पॅनेलमध्ये ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ फुल आहे ना ते बघा. एचडीएमआयवर ती लिमिटेड लागलेली सापडते. पेटीतून निघतानाचा ‘गेमर’ मोड रंग भडक करतो, त्याऐवजी एसआरजीबी किंवा स्टँडर्ड लावा. स्क्रीन खिडकीला काटकोनात ठेवा, म्हणजे पश्चिमेचं ऊन पॅनेलवरही नाही आणि समोरून डोळ्यांवरही नाही. संध्याकाळी जाड पडदा ओढला की ३०० निट्सचं (निट हे उजेडाचं माप) पॅनेल पुरतं. रात्री ब्राइटनेस निम्म्याखाली आणून स्क्रीनच्या मागे भिंतीवर एक मंद दिवा लावा. आयपीएसचा काळा रंग राखाडी वाटतो तो ठार अंधारात, दिव्याने तो बराच सुधारतो. २७ इंची मॉनिटर साधारण ३०-४५ वॅट घेतो, तेव्हा पीसीच्या यूपीएसवरच त्यालाही जोडा.

जुनी १९ इंची टाकू नका. गाईड, चॅट, गाणी यांसाठी ती बाजूला उभी राहील. तिला फक्त व्हीजीए पोर्ट असेल तर ४०६० वर तसा पोर्ट नाही, एचडीएमआय-ते-व्हीजीए कन्व्हर्टर घ्या, काहीशे रुपयांत मिळतो. विंडोजमध्ये नवीन मॉनिटर ‘मेन डिस्प्ले’ करा. आणि गेम चालू असताना जुन्या स्क्रीनवर व्हिडिओ लावल्यावर मोठ्या स्क्रीनवर अडखळल्यासारखं वाटलं, तर ब्राउझरमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून बघा.